काचेच्या घरात एक भिंत

मला घरात एक भिंत घालायची होती. डोंगर पोखरून बोगदा काढायचा नव्हता, नदीवर धरण घालायचं नव्हतं. एक साधी लाकडी भिंत, तिला एक दार आणि दाराला आतून कडी. जगात रोज कितीतरी लोक हे काम करतात, दुपारी जेवायला बसतात आणि त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी करायला घेतलं आणि आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांचं पाणी बंद पडलं.

भिंत माझ्यासाठी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. आईसाठी होती. आई खाली शहरात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. जिना उभा आणि वय उतरतं. एकदा जिन्यात तिचा पाय घसरला, तर ती तिथंच पायरीवर बसून राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला 'काही नाही हो, जरा वाऱ्याला बसलेय' असं सांगत राहिली. जिन्यात वारा कुठून येणार, हा प्रश्न शेवटी दूधवाल्याला पडला, म्हणून आम्हाला कळलं तरी. मी तडक गेलो आणि म्हणालो, "आई, आता पुरे झालं. आमच्याकडे चल."

"येते की," आई म्हणाली. "पण मला चार भिंतींची खोली हवी. तिला दार हवं आणि दाराला आतून कडी हवी. जमत नसेल तर तसं सांग, माझं मी बघते."

'माझं मी बघते' हे आईचं शेवटचं वाक्य असतं. त्यानंतर बोलणं होत नाही. वडील हयातीत या वाक्यापुढे कधी गेले नाहीत, तर माझी काय टाप. दार नसेल तर आई पुन्हा त्या जिन्यावर, आणि दर वेळी दूधवाला चौकस निघेलच असं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "एवढंच ना? झालं समज." आणि परतीच्या बसमध्ये, घाट चढताना, एकेका वळणावर माझ्या लक्षात येत गेलं की आमच्या घरात दारच नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. एक पुढचं आहे आणि एक न्हाणीघराचं. घर बांधणाऱ्याने तेवढी दया दाखवली होती.

आमचं घर गेल्या शतकाच्या मध्यावरचं आहे. त्या काळात म्हणे अशा घरांची लाट आली होती. सपाट छप्पर, बुटकं आणि लांबोडं घर, अर्धं डोंगरात रुतलेलं आणि अर्धं दरीवर तरंगणारं. दरीच्या बाजूला भिंतच नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती काच. छताच्या तुळया घरात सुरू होतात आणि काच ओलांडून बाहेर डोंगराकडे निघून जातात. मधोमध दगडाची भलीमोठी शेकोटी. बाकी सगळं एकच. स्वयंपाक, बैठक, माझं टेबल, हिचं शिवणयंत्र, सगळं एका नजरेत. आम्ही ज्याला झोपायची खोली म्हणतो ती शेकोटीची मागची बाजू आहे. भिंतींमुळे माणसं एकमेकांना दुरावतात, असं त्या वास्तुरचनाकाराचं म्हणणं होतं. तो स्वतः जन्मभर अविवाहित होता असं कळतं. या घरात नवराबायकोचं वाजलं तर एकाला बाहेर डोंगरावर जाऊन उभं राहावं लागतं, हे त्याला कोणी सांगितलं नसावं. बहुतेक वेळा तो एक म्हणजे मीच असतो, आणि काचेतून हिला मी दिसत असतोच.

फाटकाला एक पितळी पाटी आहे: 'संरक्षित वास्तू'. घर घेतलं तेव्हापासून ती तिथं आहे आणि दर रविवारी मी ती लिंबू लावून घासतो. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या नशिबी दुसरी कुठली पितळी पाटी येणार. त्या पाटीमुळे वास्तुशास्त्राचे विद्यार्थी येतात, फाटकाबाहेर उभे राहून फोटो काढतात. एकदा नगरसभेच्या दालनात प्रदर्शन भरलं होतं, तिथं आमच्या घराचा हा एवढा मोठा फोटो होता. उजव्या कोपऱ्यात मी बनियनवर उभा, फूटपट्टीने पाठ खाजवत. खाली लिहिलं होतं: 'दालनाचा विस्तार आणि मानवी प्रमाण'. माझं नाव नाही, शिक्षणाचा उल्लेख नाही. मी प्रमाण होतो. पुढे कितीतरी दिवस माझे विद्यार्थी मला बघून फूटपट्ट्या लपवत होते.

तर अशा घरात भिंत घालायची. बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचे दुष्परिणाम तिला आधी दिसतात.

"परवानगी लागेल," ती म्हणाली.

"स्वतःच्या घरात? स्वतःच्या आईसाठी?"

"अहो, पाटी घासता ना दर रविवारी? एकदा वाचा पण."

वास्तुजतन कार्यालय टेकडीखाली आहे. तिथल्या पहिल्या खिडकीवर सांगितलं की भिंतीचा नकाशा आणा. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की भिंत अजून नाही, तर नकाशा कशाचा आणलात. तिसऱ्या खिडकीवर कोणी नव्हतं, फक्त खुर्चीवर स्वेटर होता. मी त्या स्वेटरसमोर बराच वेळ उभा राहिलो, कारण माझ्यामागे रांग लागली आणि मग हलायची सोय राहिली नाही. पुढे रीतसर उत्तर आलं: प्रस्तावित भिंतीमुळे अंतर्गत अवकाशाच्या अखंडतेस बाधा पोहोचत असल्याने विनंती मान्य करता येत नाही.

"म्हणजे काय?" हिने विचारलं.

"म्हणजे नाही," मी म्हणालो.

त्याच दिवशी आईचा फोन आला. "काय रे, कुठवर आलंय?"

मी म्हणालो, "झाल्यातच जमा आहे." हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही. हिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी उठून डोंगरावर गेलो.

डोंगरावर आमचे शेजारी भेटले. हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू होतं, म्हणून आमच्या घरात त्यांना अनुभवी म्हणतात. त्यांचा अनुभव फार दांडगा आहे. त्यांच्या अनुभवावरून आम्ही एकदा जर्दाळूचं झाड लावलं होतं, ते आता त्यांच्या कुंपणात आहे.

"मास्तर, माझा अनुभव सांगतो," अनुभवी म्हणाले. "सरकारी काम विचारून करायचं नसतं. आधी करायचं आणि मग विचारायचं. उभी भिंत पाडा म्हणायला हिंमत लागते. सुट्टीचा दिवस बघा, कार्यालय बंद असतं. सकाळी सुतार आणा, संध्याकाळी भिंत उभी. कोणाला पत्ता लागणार नाही."

मला ते पटलं. हे मी लपवून ठेवत नाही. मी कधी लाल सिग्नल तोडलेला नाही, परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांच्या तळहाताकडे बघूनसुद्धा मला ओशाळल्यासारखं होतं, पण आईचा तो जिना डोळ्यांपुढे आला की माझं सगळं नागरिकशास्त्र गळून पडायचं. हीसुद्धा फारसं बोलली नाही. "करा काय ते, पण आईंना त्या जिन्यावर राहू द्यायचं नाही," एवढंच म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री आले. मिस्त्री म्हणजे आत्मविश्वासाचा डोंगर. मी काही सांगायला तोंड उघडलं की ते डोळे मिटून मान हलवायचे, म्हणजे पुढचं मला माहीत आहे. मी म्हणालो, "जमीन जरा..." त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, "नाही, पण खाली जे..." त्यांनी पुन्हा मान हलवली आणि फळ्या उतरवायला घेतल्या.

आणि तेव्हा हिच्या लक्षात ती गोष्ट आली, जी अनुभवींच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात आली नव्हती आणि माझ्या तर नाहीच नाही.

"अहो," ती म्हणाली, "आपलं घर काचेचं आहे."

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. खालच्या वळणावर बस थांबली होती आणि बसमधले लोक आमच्याकडे बघत होते. ते रोजच बघतात, त्यांचा तो विरंगुळाच आहे. फक्त आज आमच्या हातात फळ्या होत्या. चोरून करायच्या कामासाठी काचेचं घर शोधणारी माणसं आमच्याआधी कोणी झाली असतील असं वाटत नाही.

"चादरी लावा," अनुभवी म्हणाले. "माझा अनुभव सांगतो, लोक झाकलेल्या गोष्टीकडे बघत नाहीत."

घरातल्या चादरी पुरेनात. मग टेबलक्लॉथ निघाले, हिचे दुपट्टे निघाले, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या रजया निघाल्या, आणि तरी मध्ये एक फट उरली ती मी शाळेतल्या जगाच्या नकाशाने बुजवली. बाहेर जाऊन बघितलं तर घर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. या घराला बांधल्यापासून कधी पडदा लागलेला नव्हता. तेव्हा झालं असं की खालच्या वळणावरून एकामागून एक फोन यायला लागले. आधी किराणावाल्याने विचारलं, सगळे बरे आहात ना. मग शाळेच्या मुख्याध्यापकांनी दबक्या आवाजात विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, कोणी नाही. ते म्हणाले, लपवू नका मास्तर, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत. दुपारपर्यंत फाटकावर कोणीतरी पांढरी फुलं ठेवून गेलं होतं.

आत मिस्त्री जोरात होते. भिंतीचा सांगाडा जमिनीला पक्का बसवण्यासाठी त्यांनी जमिनीत भोक पाडायला घेतलं होतं. मी जे दोन वेळा सांगायला गेलो होतो ते हे, की आमच्या काळ्या सिमेंटच्या जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत. थंडीत घर गरम राहावं म्हणून त्या वास्तुरचनाकाराने जमीनच गरम करायची युक्ती काढली होती. बाहेर बर्फ पडत असताना आम्ही अनवाणी फिरतो, इतकी चांगली युक्ती आहे. पण तिच्यात भोक पाडायचं नसतं.

मिस्त्रींच्या यंत्राचा आवाज एकदम बदलला आणि मग जमिनीतून पाणी वर आलं. सुरुवातीला अगदी नम्रपणे आलं. मिस्त्रींनी त्याच्यावर अंगठा ठेवला, अंगठा भाजला, त्यांनी काढला, आणि मग पाण्याने भीड सोडली. छताला जाऊन लागलं. आमचं छप्पर बुटकं आहे, त्यामुळे ते लगेच परत आलं.

"कॉक," अनुभवी ओरडले. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो आल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. "मेन कॉक कुठंय ते मला माहितीये. माझा अनुभव आहे." आणि ते धावत बाहेर गेले. थोड्या वेळाने आमचं कारंजं तसंच चालू होतं आणि वरच्या घरातल्या बाई बादली घेऊन दारात आल्या, त्यांच्या नळाचं पाणी गेलं होतं. मग त्यांच्या वरचे आले. मग त्यांच्या बाजूचे. अनुभवींनी सगळ्या रस्त्याचं पाणी बंद केलं होतं, फक्त आमचं सोडून. लोक मात्र समंजस. ज्या घरात नळाला पाणी नाही त्या घरची माणसं आमच्या जमिनीतून येणाऱ्या पाण्याने बादल्या भरून घेऊन गेली. एका बाईंनी तर गरम आहे म्हणून कौतुक केलं आणि धुणं आणू का म्हणून विचारलं.

शेवटी हिने जाऊन बॉयलरपाशी असलेला आमचा कॉक बंद केला. तो कुठे आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. "मला कोणी विचारलं का?" ती म्हणाली. हे तिचं शेवटचं वाक्य असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडलं आणि कार्यालय उघडताच तिथल्या बाई आल्या. वास्तुजतन अधिकारी. उंच, सडपातळ, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. त्यांना बातमी चादरींनी दिली होती. त्या म्हणे रोज त्याच बसने येतात. त्यांनी दारात बूट काढले, ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या राहिल्या, जमिनीतल्या भोकाकडे बघितलं, सांगाड्याकडे बघितलं आणि हळूच खाली बसून त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. आपल्या लेकराला खरचटल्यावर माणूस बघतो तसं. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही जमीन एका दमात ओतलेली होती," त्या म्हणाल्या. "कुठे जोड नव्हता. तुम्हाला माहीत होतं का?"

"मी भूगोल शिकवतो," मी म्हणालो. याचा अर्थ काय, ते मला विचारू नका.

"दुरुस्ती याच रंगात, याच पद्धतीने करून द्यावी लागेल. सांगाडा आजच्या आज काढा. भिंत होणार नाही. आणि तो जगाचा नकाशा का लावला आहे?"

मी काहीतरी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात फाटकात टॅक्सी थांबली आणि तिच्यातून आई उतरली.

कोणाला न सांगता आली होती. 'झाल्यातच जमा आहे' यावर माणूस किती दिवस विश्वास ठेवणार. थंडी वाढायच्या आत यावं म्हणून निघाली आणि आली. टॅक्सीचं दार धरून ती उभी राहिली, फाटकावरच्या पांढऱ्या फुलांकडे बघितलं, आमच्या टांगलेल्या रजयांकडे बघितलं, आणि मला म्हणाली, "काय रे, कोण गेलं?"

तिला आत आणलं. ओल्या जमिनीवरून ती पाय जपत चालली, मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. शेकोटीपाशी एक खुर्ची तेवढी कोरडी होती, तिच्यावर बसली. सगळीकडे बघितलं. भिंत नाही, दार नाही, कडी नाही हे तिला विचारावं लागलं नाही. मी तिच्याशी खोटं बोललो होतो आणि ते आता चारी बाजूंनी टपटप गळत होतं. माझी पाचावर धारण बसली, कारण आता ते वाक्य येणार हे मला कळलं होतं.

पण ती बाईंकडे वळली. "तुम्ही कोण?"

"मी परवानगी देते," बाई म्हणाल्या.

"मग द्या की."

"देता येत नाही, आजी. फार मोलाचं घर आहे हे. अशी आता थोडीच उरली आहेत. तो मोकळेपणाच गेला तर घर गेलं." त्या हे इतक्या कळकळीने म्हणाल्या की मला एकदम वाटलं, यांचं खरंच प्रेम आहे या घरावर, माझ्या पाटी घासण्याहून जास्त. मग त्यांनी आईला विचारलं, "पण तुम्हाला दार कशाला हवंय?"

मला शरम वाटली. मी अर्ज केला, खिडक्या फिरलो, सुतार आणला, जमीन फोडली, रस्त्याचं पाणी तोडलं, पण हे मी आईला विचारलंच नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला दार लागतं, असं मी धरून चाललो होतो.

आईने आधी हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मी तिथं नाहीच असं समजून ती बाईंशी बोलली.

"सकाळी उठायला मला वेळ लागतो," आई म्हणाली. "गुडघे ऐकत नाहीत. पलंगाची कड धरायची, उठायचं, परत बसायचं, परत उठायचं. कण्हायला होतं. तोंड वेडंवाकडं होतं. एकदा उभी राहिले की दिवसभर मी ठीक असते हो. पण ते उठणं माझ्या मुलाने बघावं असं मला वाटत नाही. बघितलं की हा धावत येणार आणि धरणार. स्वभावच आहे त्याचा. एकदा धरलं की रोज धरणार. मग मी उठणार नाही, मला उठवतील."

मिस्त्रींनी हातातला हातोडा खाली ठेवला. हिने डोळे पुसले. आईचं खरं होतं. मी धावलो असतो. आत्ता टॅक्सीपाशीसुद्धा धावलो होतो.

बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथं आफ्रिका लोंबत होती. त्यांनी नकाशाचं लोंबतं टोक सरळ केलं. "माझी आई पण असंच करते," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटतं ती उशिरा उठते."

मग त्या अधिकारी झाल्या. "आमच्या नियमात भिंत म्हणजे काय, तर जे छताला आणि जमिनीला, दोन्हीकडे जखडलेलं आहे ते. जे नुसतं उभं आहे आणि छताला टेकत नाही, ते सामान. सामानाला परवानगी लागत नाही. कपाटाला कोणी विचारत नाही. आता एखादं कपाट लांब असेल, मध्ये कोन करून उभं असेल आणि त्याला मध्येच एक दार असेल, तर तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे."

"मी हेच म्हणत होतो," अनुभवी म्हणाले. ते कधी आले होते कोण जाणे.

मिस्त्रींनी डोळे मिटून मान हलवली.

जमिनीची दुरुस्ती झाली. तिचा काळा रंग जुळायला फार छळवाद झाला, बाई स्वतः येऊन उन्हात, सावलीत, दिव्यात बघून जायच्या, आणि एकदा मी भोक कुठे होतं ते दाखवायला गेलो तर मलाच सापडेना, तेव्हा कुठे त्या हसल्या. कपाट मात्र पहिल्यांदा उभं केलं तेव्हा दार लावलं की सगळं डोलायचं. मिस्त्री म्हणाले, पायाशी वजन हवं. वजन म्हणजे काय, तर पुस्तकं. माझे सगळे ॲटलास, भूगोलाची जुनी क्रमिक पुस्तकं आणि डोंगररांगांवरचा माझा अप्रकाशित ग्रंथ, तीन प्रतींसह, खालच्या फळीत गेला. "बघा, कामाला आला," ही म्हणाली. मी ते मनाला लावून घेतलं, पण भिंत हलायची थांबली हे खरं. पलीकडच्या काचेला हिने जाड पडदे शिवले. पडदे हेही सामानच. तोवर वरच्या घरातल्या बाईंनी आईला त्यांच्याकडची दार असलेली खोली दिली होती. कडी पितळेची बसवली आणि आईने स्वतः ती दोनदा सरकवून बघितली.

छत आणि कपाट यांच्यामध्ये हातभर फट राहिली. ती नियमाने राहायलाच हवी होती.

"चार दिवस बघते," आई म्हणाली. "जमलं तर ठीक. नाहीतर माझं मी..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही, पण मागेही घेतलं नाही.

पहिल्या सकाळी मी आणि ही चहा घेऊन शेकोटीपाशी बसलो होतो. आत पलंग कुरकुरला. मग आईचा श्वास ऐकू आला, आणि मग एक बारीकसं कण्हणं. त्या फटीतून सगळं येत होतं, जसं काही ती आमच्या शेजारी बसली आहे. मी कप खाली ठेवला. आई उठली असावी, कारण पलंग वाजला, आणि मग ती धपकन परत बसली. "अगं आई गं," असं ती स्वतःशीच म्हणाली. माझ्या जन्मात मी तिच्या तोंडून तो आवाज ऐकला नव्हता.

मी उभा राहिलो. बाजूला स्टूल होतं. त्यावर चढलं असतं तर कपाटावरून आत दिसलं असतं, आणि दार तर माझ्या एका धक्क्याने निघालं असतं.

"बसा," ही हळूच म्हणाली.

"अगं पण..."

"बसा म्हणते ना."

तिने माझी बाही धरली होती. मी बसलो. आत आई पुन्हा उठली, पुन्हा बसली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणावर ते माहीत नाही. मी शेकोटीचे दगड मोजत राहिलो. मग आत पावलं वाजली. एक, जरा थांबून दुसरं. कंगव्याचा आवाज आला. पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आला. कडी सरकली.

आई बाहेर आली ती ताठ. केस नीट विंचरलेले, शाल खांद्यावर घडी घातलेली, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. सरळ चालत आली आणि माझ्यासमोर बसली. माझ्या तोंडाकडे तिने जरा निरखून बघितलं. मग मान वळवून त्या फटीकडे बघितलं.

"ऐकू येतं का रे बाहेर?" तिने विचारलं.

"काय?"

"आतलं."

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

तिने हिच्याकडे बघितलं. हीसुद्धा म्हणाली, "काहीच नाही आलं ऐकू, आई. आम्हाला वाटलं, तुम्ही अजून झोपलायत."

आईने माझा कप स्वतःपुढे ओढला, त्यातला निवलेला चहा एक घोट प्यायली आणि तोंड वाकडं केलं.

"बरं," ती म्हणाली. "मग राहते मी."